बेवारशी मांजराच्या वतीने कैफियत

कसब्यातील जुने वाडे एकामागून एक पडू लागल्यापासून, त्या वाड्यांच्या माळ्यांवर, कोठ्यांत आणि परसांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मांजरांचे काय करावयाचे हा प्रश्न पेठेत वरचेवर निघतो. आणि तो निघाला की त्याचा निकाल बहुधा एका वाक्यात लावला जातो. बाहेर जन्मलेले मांजर कधी घरचे होत नाही, झालेच तर घरच्या मांजरांना सुखाने नांदू देत नाही, सबब त्याला आत आणण्याच्या भरीस शहाण्याने पडू नये, असे ते वाक्य आहे. हे मत अडाण्यांचे नव्हे. ज्यांच्या घरी स्वतःची मांजरे आहेत, ज्यांना त्यांचा खरा लळा आहे आणि ज्यांनी एखादे वेळी दयेपोटी बाहेरचे जनावर आत घेऊन पुढे हात टेकले आहेत, अशा जाणत्या माणसांकडून ते ऐकू येते. म्हणूनच त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते. त्यांचा अनुभव मी नाकारीत नाही. त्या अनुभवावरून त्यांनी काढलेले अनुमान मात्र मला मुळीच मान्य नाही. बिघडते ते आणणाऱ्याच्या घाईने, आणि दोष चिकटविला जातो मांजराच्या जन्माला.

या मांजरांचा पूर्ववृत्तान्त थोडा सांगितला पाहिजे, कारण त्यांना उपरी ठरविल्यावाचून विरुद्ध पक्षाचे म्हणणे उभेच राहत नाही. कसबा ही पुण्याची आद्य वस्ती. ग्रामदैवत गणपती, लाल महाल, शेख सल्ल्याचा दर्गा, तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी ही सारी जेथे हाकेच्या अंतरावर आहेत, त्या वस्तीत धान्याचे बळद जितके जुने तितका उंदीर जुना, आणि उंदराइतकेच मांजर जुने. १८९७ च्या प्लेगाची आणि त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळीची हकीगत येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच साथीच्या पुढील काळात, वऱ्हाडात अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेल्या बुकॅनन नावाच्या लष्करी वैद्यकाने गावोगावच्या मांजरांची पाहणी करून, जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेगाचा उपद्रव कमी, असा निष्कर्ष १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता, ही गोष्ट आपल्या स्मरणातून गेली आहे. मांजरालाही प्लेग होतो, आणि आजचा साथरोगतज्ज्ञ त्या निष्कर्षाला अधिक पुरावा मागेल, हे मला कबूल आहे. तथापि प्लेग कशाने होतो हे नीट कळण्यापूर्वीपासून आणि कळल्यानंतरही वाड्यावाड्यांतून मांजराला जो दुपारचा ताकभात पडत आला, तो निव्वळ भूतदयेचा नव्हता. तो चाकरीचा मोबदला होता. त्यांच्यावर कोणाची मालकी नव्हती, परंतु माळ्यावर, कौलांखालच्या फटीत, जळणाच्या ढिगामागे त्यांची वहिवाट होती, आणि ती कोणी नाकारलेली नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून मुठेच्या पुराने काठच्या पेठांतील घरे पाडली तेव्हा त्या वहिवाटीचा काही भाग गेला. उरलेला आता पुनर्विकासात जात आहे. फडके हौदाजवळ जमिनीखाली मेट्रोचे स्थानक झाले, सप्टेंबर २०२४ पासून तेथे गाड्या थांबू लागल्या. त्यासाठी ज्यांची घरे गेली त्यांच्या पुनर्वसनाची दप्तरे झाली, अर्ज झाले, वादही झाले. मांजरांच्या बाबतीत दप्तर असण्याचे कारण नव्हते आणि तशी माझी मागणीही नाही. मी एवढेच म्हणतो की ज्यांना आपण ‘रस्त्यावरची’ म्हणतो ती रस्त्यावरची नव्हेत. ती घर पडल्यामुळे रस्त्यावर आलेली आहेत.

विद्वानांकडून या वादात पहिली साक्ष काढली जाते ती हितोपदेशाची. गृध्रकूट पर्वतावर गंगेच्या तीरी एका वृक्षाच्या ढोलीत जरद्गव नावाचे म्हातारे, आंधळे गिधाड राहत असे. दीर्घकर्ण नावाच्या मार्जाराने व्रतस्थाचा आव आणून त्याच्यापाशी थारा मिळविला, त्या झाडावरील पक्ष्यांची पिले एकेक करून खाल्ली, हाडे ढोलीत टाकली आणि स्वतः पळून गेला. पक्ष्यांनी ती हाडे पाहून निरपराध गिधाडाचाच जीव घेतला. ज्याचे कुल आणि शील ठाऊक नाही त्याला आश्रय देऊ नये, हे त्या कथेचे तात्पर्य, आणि त्यात दोषी मांजरच असल्यामुळे आमच्या प्रतिपक्षाला ते विशेष प्रिय. पण कथा पुन्हा वाचून पाहावी. जरद्गवाने मार्जाराची परीक्षा कशी केली? त्याचे गोड बोलणे ऐकले, एवढीच. त्याला ठेवले कोठे? जेथे उडता न येणारी पिले होती त्याच झाडावर, मध्ये काही आडपडदा न ठेवता. त्याच्यावर पाळत ठेवणारा कोण? ज्याला डोळे नाहीत असा. ही सगळी अपरीक्षित आश्रयाची निंदा आहे. परीक्षा करून, वेगळे ठेवून, डोळ्यांत तेल घालून दिलेल्या आश्रयाविषयी ती कथा एक शब्दही बोलत नाही. शिवाय या कथेचा अर्धा भाग नेहमी गाळला जातो. ते गिधाड स्वतः काय करीत होते? नखे झडलेले, दृष्टी गेलेले ते मांसाहारी पाखरू इतर पक्ष्यांनी आपल्या घासातला घास काढून जगविले होते, आणि त्याच्या राखणीवर पिले टाकून ते पक्षी निर्धास्तपणे चरावयास जात होते. भिन्न जातीच्या, भयप्रद प्राण्याला आपल्यात घेऊन नांदविण्याची व्यवस्था त्या झाडावर आधीपासून होती आणि ती उत्तम चालली होती. आश्रयाविरुद्ध पुरावा म्हणून ही कथा पुढे करणाऱ्याने तिच्यातील हा दुसरा आश्रय मोजावयास नको काय?

यानंतर येतो स्वातंत्र्याचा मुद्दा. बाहेरचे मांजर हे मूळचे रानटी, त्याला मोकळीक प्यारी, त्याला चार भिंतींत कोंडणे हीच क्रूरता, असे म्हणणाऱ्यांचे अंतःकरण मृदू असते यात संशय नाही. पण त्यांचा प्राणिशास्त्राशी परिचय कमी पडतो. पुण्याच्या भोवतालच्या माळरानांत आणि सह्याद्रीच्या झाडीत जे खरोखर वन्य आहेत ते रानमांजर आणि वाघाटी हे निराळे प्राणी आहेत, त्यांना घरात आणणे गुन्हा आहे आणि असावाही. पेठेतील मांजर त्यांच्या कुळीचे नव्हे. त्याचा पूर्वज पश्चिम आशियातील आणि उत्तर आफ्रिकेतील लिबियन रानमांजर होय. शेतीच्या आरंभी धान्याच्या कोठारांभोवती ते माणसाजवळ आले, आणि सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर उत्खननात सापडले आहे. तेव्हापासून ते आजतागायत या प्राण्याचे पोट माणसाच्या वस्तीवर भरत आले. ज्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो ते प्रत्यक्षात काय आहे, हे शिवाजी रस्त्यावर रात्री दहानंतर उभे राहून पाहावे: वाहनांची रीघ, कुत्र्यांच्या टोळ्या, विषारी गोळी खाऊन मरणाऱ्या उंदराला खाऊन मरणारे मांजर, उत्सवाच्या दिवसांत ढोलताशांनी आणि फटाक्यांनी भेदरून गटाराच्या नळात शिरलेली पिले. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, पिले अंगावरून सुटण्यापूर्वीच पुन्हा गाभण राहू शकते, आणि आपल्या हवेत हे चक्र जवळजवळ वर्षभर चालू राहते. असे स्वातंत्र्य तिने मागितलेले नाही. आपण तिच्या वतीने ते मागून घेतले आहे.

या स्वातंत्र्यवादाचे व्यवहारातील रूप म्हणजे मांजर गोणीत घालून नदीपलीकडे, पर्वतीच्या पायथ्याशी किंवा एखाद्या मंडईच्या आवारात ‘सोडून येणे’. हे करणारे लोक दुष्ट नसतात, पण ते जे करतात त्याला दयेचे नाव देता येत नाही. मांजराचे जगणे जागेच्या ज्ञानावर चालते; कोणत्या भिंतीवरून उडी मारता येते, कोणत्या वेळी कोणता कुत्रा मोकळा असतो, कोणत्या ओट्यावर काय पडते, हे त्याला एका ठिकाणी वर्षानुवर्षे राहून समजलेले असते, आणि ते ज्ञान गोणीतून नेता येत नाही. नव्या ठिकाणची मांजरे त्याला हाकलतात, आणि ते जुन्या जागेकडे परतण्याच्या खटपटीत रस्त्यात मरते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात, उपासमारीने किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत वाजवी कारणावाचून कोणताही प्राणी टाकून देणे हा अपराध गणला आहे. तेथे तो प्राणी टाकणाऱ्याच्या मालकीचा असला पाहिजे अशी अट नाही.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळतो, आणि तो बळकट आहे हे आधीच मान्य करतो. घरात जी मांजरे आहेत त्यांचे काय? त्यांनी कोणाचे काय बिघडविले म्हणून त्यांच्या डोक्यावर परके जनावर आणून बसवावयाचे? माझ्या ओळखीच्या एका घरात वाड्यातला तगडा बोका दिवाणखान्यात आणून सरळ मोकळा सोडला. घटकाभरात पडद्यांच्या चिंध्या झाल्या, घरची म्हातारी मांजरी कपाटावर जाऊन बसली ती दोन दिवस खाली उतरली नाही, तिची लघवी तुंबली, आणि बोक्याने चारही भिंतींवर मूत मारून जागा आपली केली. घरच्यांनी त्याला हाकलले आणि तेव्हापासून ते विरुद्ध पक्षाचे साक्षीदार झाले. त्यांच्या साक्षीत खोटे काहीच नाही. मांजरात भीतीने आणि ताणाने मूत्राशयाला सूज येते, नराचा मूत्रमार्ग तर पार बंद होऊन जिवावर बेतते, हे पशुवैद्यकाने सिद्ध केलेले आहे. परंतु या घटनेत दोषी कोण, हे ठरविताना मांजर जगाला कसे ओळखते हे ध्यानात घेतले पाहिजे.

मांजर जगाला नाकाने ओळखते. एकत्र राहणारी मांजरे गाल, कुशी आणि शेपटी एकमेकांवर व खांबादारांवर घासून साऱ्या घराला एक समाईक गंध देतात, आणि ज्याला तो गंध आहे तो आपला, नाही तो परका, एवढाच त्यांचा निवाडा असतो. मोकळ्यावर राहणाऱ्या मांजरांचे जे घोळके असतात ते बहुधा माय, मावश्या, लेकी अशा एका रक्ताच्या माद्यांचे असतात. परक्याला तेथे प्रवेश नाही असे नाही, पण तो हळूहळू, कडेकडेने, कित्येक आठवडे दुरून दर्शन देत मिळतो. याचा अर्थ मांजर मेळ घालू शकत नाही असा होत नाही. मेळ घालण्याची त्याची स्वतःची पद्धत आहे आणि ती सावकाश आहे, असा होतो. दिवाणखान्यात बोका सोडणाऱ्याने ती पद्धत मोडली. दोन परक्या गंधांना एका क्षणात एका खोलीत आणून त्याने लढाई घडवून आणली, आणि लढाई झाली म्हणून मांजराचा स्वभाव लढाऊ ठरविला.

माझ्या घरी निर्बीज केलेली दोन मांजरे असताना तांबट आळीच्या मागच्या एका पडत्या वाड्यातील कान फाटलेली, पुरी वाढलेली भाटी मी आणली, तेव्हा जे पाहिले ते येथे नमूद करणे प्रस्तुत आहे. तिचा जन्म तांब्याची भांडी ठोकण्याच्या आवाजात झालेला. हातोड्यांचा तो ठणठणाट, जो ऐकून परगावचा पाहुणा कानावर हात ठेवतो, तो खिडकीतून येत असता ती गाढ झोपे. पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की अंगाचा गोळा करून मोरीच्या कोपऱ्यात शिरे आणि तासन्‌तास हलत नसे. शंभर हातोड्यांना न भिणारे जनावर एका शिट्टीला भिते, याचा उलगडा ‘रानटी स्वभाव’ या सबबीने होत नाही. जे परिचयाचे त्याला ती भीत नव्हती, जे अपरिचित त्याला भीत होती. आणि परिचय ही करून देता येणारी गोष्ट आहे. शिट्टी होण्याच्या वेळी तिच्यापुढे सुकटीची चिमूट पडू लागली तशी ती कोपऱ्यात शिरण्याऐवजी नुसते कान पाडू लागली, आणि पुढे तेही थांबले. माणसाचा हात आणि दुसऱ्या मांजराचा वास यांनाही हाच न्याय लागू पडला, फक्त मुदत अधिक लागली.

म्हणून ज्याला आणावयाचे त्याने आधी जागेचा बंदोबस्त करावा. नवे मांजर पहिल्या दिवसापासून दार लागेल अशा निराळ्या खोलीत राहिले पाहिजे, आणि येथे पेठेतील माणूस म्हणतो, की दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात निराळी खोली कोठून आणावी. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला पटत नाही, कारण घाबरलेल्या मांजराला मोठी जागा नकोच असते. त्याला लपावयास आडोसा हवा असतो. नेदरलंड्समधील उत्रेख्त येथील संशोधकांनी २०१४ साली दाखविले की आश्रयगृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपावयास साधे खोके दिले, त्यांचा ताण खोके न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरला. न्हाणीघर, गच्चीवरील अडगळीची खोली, पोटमाळा, यांपैकी काहीही पुरते. आत उपड्या खोक्याला दार कापून ठेवावे, एका कडेला अन्नपाणी, दुसऱ्या कडेला वाळूचे घमेले. ज्यांच्या घरात तेवढीही जागा नाही त्यांनी खरोखर आणू नये, पण मग त्यांनी ‘जागा नाही’ असे म्हणावे. ‘मांजर होत नाही’ असे म्हणू नये.

या वेगळेपणाचे दुसरे, त्याहून मोठे कारण रोगाचे आहे, आणि प्रतिपक्ष घरच्या मांजरांची काळजी करतो तर त्याने या कारणाला सर्वांत आधी हात घालावयास हवा होता. मांजरांचा पॅनल्यूकोपीनिया नावाचा जो प्राणघातक अतिसार आहे त्याचा विषाणू फरशीवर, भांड्यांत, कपड्यांत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकून राहतो. सर्दीचा विषाणू शिंकेतून पसरतो. ल्यूकेमियाचा विषाणू लाळेतून आणि एकमेकांना चाटण्यातून जातो. मांजरांतील प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू मुख्यत्वे खोल चाव्यातून, म्हणजे नेमक्या त्या लढाईतून जातो जी घाईने घडते. सबब पशुवैद्याकडून रक्ताची तपासणी, लसी, जंतांचे आणि पिसवांचे औषध, आणि निर्बीजीकरण, ही सारी कामे पहिल्या भेटीपूर्वी उरकली पाहिजेत, आणि निदान दोन आठवडे तरी दार बंद राहिले पाहिजे. बोका असेल तर शस्त्रक्रियेनंतर त्याचा दर्प आणि भांडखोरपणा उतरावयास काही आठवडे जातात. भिंतींवर मूत मारण्याची खोड बहुतेक बोक्यांत त्यानंतर सुटते. आणि आणणाऱ्याने स्वतःसाठीही जपावे: चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजच्या बाबतीत ‘मांजराचेच तर आहे’ या समजुतीला जागा नाही.

दार बंद असतानाच खरा मेळ सुरू होतो. नव्याच्या अंगाखालचे फडके जुन्यांच्या झोपण्याच्या जागी आणि जुन्यांचे नव्याजवळ. बंद दाराच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी जेवण, आरंभी दारापासून दूर आणि फिसकारणे थांबेल तसतसे जवळ. नंतर नव्याला घरभर फिरू देऊन जुन्यांना त्याच्या खोलीत बसविणे, म्हणजे ते एकमेकांना न भेटता एकमेकांच्या वाटेवरून चालतात. मग जाळीचे दार किंवा किलकिले केलेले दार. आणि शेवटी, पोट भरलेले असताना, थोड्या वेळेची समोरासमोर गाठ. यांपैकी कोणतीही पायरी बिघडली की एक पायरी मागे यावे. काही मांजरांत हे पंधरवड्यात होते, काहींत सहा महिने लागतात. वाळूची घमेली मांजरांच्या संख्येहून एक अधिक असावीत, पाण्याची भांडी निरनिराळ्या जागी असावीत, आणि भिंतीवर उंच बसण्याच्या फळ्या असाव्यात. ज्यांनी वाड्यात दिवस काढले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको: एका नळावर सहा बिऱ्हाडे असली की सकाळी भांडण ठरलेले असे, आणि दुसरा नळ आला की तीच माणसे एकमेकांना ताक पाठवीत. मांजरांतील पुष्कळशी वैरे अशीच नळावरची असतात.

एवढे करूनही सर्व मांजरे परस्परांच्या कुशीत झोपतीलच, असे वचन मी देत नाही आणि कोणी देऊ नये. दोन मांजरे एकमेकांना ओलांडून न फिसकारता जेवावयास जातात, एवढ्यावर कित्येक घरांत समाधान मानावे लागते, आणि ते पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाची मर्यादा निराळी. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांवरून असे निष्पन्न झाले आहे की पिलू दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या हाताला लागले तर ते सहज माणसाळते, आणि तो काळ टळला तर माणसाळणे अवघड होत जाते. तेव्हा माळ्यावरची पिले त्या वयात सापडली तर त्यांना आत आणण्यास हयगय करू नये. जी मोठी मांजरे कधीतरी कोणाच्या ओट्यावर वाढली आहेत, हाक ओळखतात, शेपूट उभी करून जवळ येतात, तीही येतील. पण ज्या मोठ्या मांजराला माणसाचा हात कधीच लागलेला नाही, जे आठवडे लोटले तरी माणूस खोलीत असेतो अन्नाला तोंड लावीत नाही आणि दारखिडकीवर अंग आपटीत राहते, त्याला डांबून ठेवणे मलाही मान्य नाही. त्याला निर्बीज करून, लस टोचून, कानाचे टोक कापून खूण करून, त्याच आळीत परत सोडावे आणि रोजचे अन्न ठरवून द्यावे. प्रतिपक्षाचा खरेपणा एवढ्या वर्गापुरता आहे. त्याने तो साऱ्या मांजरजातीवर पसरला, हीच माझी तक्रार.

या लेखाला उत्तर म्हणून हडपसरचे प्रकरण माझ्यापुढे टाकले जाईल हे मी जाणून आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील एका गृहसंकुलातील सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे शेजाऱ्यांच्या फिर्यादीवरून उघडकीस आले, महापालिकेने ती हलविण्याची नोटीस बजावली, आणि गावभर त्याची चर्चा झाली. ‘आत आणा म्हणणाऱ्यांचा शेवट हा असा होतो,’ असे तेव्हा पेठेतही बोलले गेले. परंतु वर सांगितलेल्या पद्धतीची एकेक अट त्या संख्येला लावून पाहावी. प्रत्येकाला निराळी खोली, प्रत्येकाची तपासणी, संख्येहून एक अधिक घमेले: ज्याने ही पद्धत पत्करली तो तीनावरून चारावर जाताना दहादा विचार करील, आणि तीनशेवर कधीच पोचणार नाही. अमर्याद संग्रह हा मी सुचविलेल्या मार्गाचा शेवट नसून त्या मार्गाच्या अभावाचा शेवट आहे. शेजाऱ्यांचा जो त्रास आहे, दुर्गंधीचा आणि रात्रीच्या आवाजाचा, तो खरा आहे आणि त्यांना निमूटपणे सोसा असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. निर्बीज, लस टोचलेली, नोंद झालेली दोन-तीन मांजरे पाळणाऱ्या घराविरुद्ध मात्र अशी फिर्याद मी ऐकलेली नाही. पाळीव मांजरांच्या नोंदणीचा विषय २०२२ साली महापालिकेच्या दप्तरात आला होताच. त्याला मांजरप्रेमी मंडळींनी विरोध करण्याऐवजी पुढे होऊन पाठिंबा द्यावा, असे माझे मत आहे, जरी त्यासाठी फी भरावी लागली तरी.

राहता राहिला प्रश्न वेळेचा, आणि कसब्यापुरता तोच निकडीचा आहे. वाडा रिकामा होणे आणि त्याला पहिली कुदळ लागणे यांच्यामध्ये बहुधा काही आठवडे जातात. वीज तुटते, सागवानी खांब, तुळया आणि दारे विकली जातात, कौले उतरतात. बिऱ्हाडे हलताच मांजरांचे अन्न बंद पडते आणि भुकेली मांजरे विखुरतात, मग ती कोणाच्याच हाती लागत नाहीत. त्या मुदतीत निघून गेलेल्या बिऱ्हाडांपैकी एकाने जरी रोज ठरल्या वेळी येऊन अन्न ठेवले, तर मांजरे एका जागी राहतात, सापळ्याच्या पिंजऱ्यात येतात, निर्बीज होतात, आणि कोणते घरात जाण्याजोगे व कोणते नाही याची पारख होते. जी घरात जाणार नाहीत त्यांची थाळी रोज थोडी थोडी पुढे सरकवीत शेजारच्या आळीत नेता येते. गणेश पेठेतील मासळी बाजारातून आणलेली स्वस्त मांदेली या कामी पुरते. आणि कौले उतरविण्यापूर्वी माळा व बळदे तपासावीत, पिले असतील तर ती उचलण्यास अवधी द्यावा, ही अट पुनर्विकासाच्या करारनाम्यात एका ओळीची आहे. ती घालावयास लावण्याचे काम भाडेकरूंचे, कारण आपल्या वाड्यात मांजरी कोठे विते हे बिल्डरला ठाऊक नसते, त्यांना असते.